रिकाम्या हातानं

व्यापाऱ्याला वेबसाइट हवी असते म्हणजे नेमकं काय हवं असतं, हे बहुतेक वेळा त्याचं त्यालाही ठाऊक नसतं. सांगलीतल्या 'मांडणी' नावाच्या छोट्या एजन्सीत केतकी आवटीनं अर्धं आयुष्य हेच ऐकण्यात घालवलं होतं. "शेजारच्यासारखीच करा, फक्त त्याच्यापेक्षा मोठी दिसली पाहिजे," हे तर ठरलेलंच. कुणाला पहिल्या पानावर आजोबांचा फोटो हवा असायचा, कुणाला नातवाचा. शेतीपंप विकणाऱ्या एकाला पानामागं धो धो पावसाचा आवाज हवा होता. असा पाऊस पडला तर तुमचा पंप घेणार कोण, हे त्याला समजावता समजावता केतकीच्या नाकी नऊ आले होते.

म्हणून तिनं आणि तिच्या भागीदारानं, इरफान मुल्लानं, एक शिस्त घालून घेतली होती. काम घेतलं की आधी बैठक. बैठक म्हणजे चहा-बिस्किटांची मीटिंग नव्हे. केतकीनं आठवडाभर मालकाच्या दुकानात एका कोपऱ्यात बसायचं, आलेल्या गिऱ्हाइकाशी तो कसा बोलतो ते ऐकायचं, त्याच्या परवानगीनं ते बोलणं टिपून घ्यायचं, आणि स्वतः शक्यतो ब्र काढायचा नाही. त्यानंतर आराखडा, मग बांधणी, मग तपासणी, आणि साइट चालू झाली की पुढं देखभाल. दिसण्या-मांडण्याचं केतकी बघायची, यंत्राच्या पोटात काय चालतं ते इरफान.

ही गोष्ट ज्या काळातली आहे, तेव्हा आधी बनवून ठेवलेली पानं म्हणजे वेबसाइट ही कल्पना जुनी झाली होती. पान आधी नसायचंच. माणूस दारात आला की त्याच्यापुरतं ते त्या क्षणी उभं राहायचं. त्याचं बोट कुठं रेंगाळलं, काय उघडून लगेच मिटलं, कुठं पुन्हा पुन्हा परत आला, प्रश्न लिहिताना कुठला शब्द खोडला, यावरून यंत्र अंदाज बांधायचं, की हा कशासाठी आला आहे. त्या अंदाजाप्रमाणं ते पान मांडायचं, मालकाच्या ढंगात चार शब्द बोलायचं, आणि माणूस जाताना समाधानानं गेला की वैतागून, हे पाहून आपला अंदाज सुधारून घ्यायचं. दुकान एकच, पण दहा माणसं आली तर दहांना दहा दुकानं दिसायची.

मात्र समाधान म्हणजे काय, हे यंत्राला आपणहून कळत नाही. ते कुणीतरी सांगावं लागतं. मोठ्या शहरांतल्या बड्या एजन्स्या सांगायच्या, खरेदी झाली म्हणजे समाधान झालं. 'मांडणी'ची रीत वेगळी होती. बैठकीत मालकाच्या तोंडून सहज निघालेलं एक वाक्य केतकी निवडायची आणि इरफान ते यंत्रात सगळ्यात वरच्या जागी बसवायचा. त्याला ते दोघं मूळवाक्य म्हणायचे. काय दाखवायचं, काय बोलायचं, कुठं थांबायचं, हा प्रत्येक निर्णय यंत्र त्या एका वाक्यावर घासून बघायचं. मालक डोक्यानं काहीही सांगो, त्याचा धंदा चालतो तो जिभेवरच्या वाक्यावर, असं केतकीचं मत होतं, आणि तोवर तरी ते खोटं ठरलं नव्हतं.

भूपाल मगदूम यांचं बेदाण्याचं दुकान गणपती पेठेत होतं. सत्तरी ओलांडलेले मगदूम अण्णा पांढऱ्या गादीवर मांडी घालून बसायचे. समोर पितळेचं ताट आणि ताटात बेदाणे. दारात कुणीही येवो, गिऱ्हाईक, पोस्टमन, पत्ता विचारणारा, नाहीतर शेजारच्या दुकानात भांडून आलेला, अण्णा आधी मूठभर बेदाणे त्याच्या हातावर ठेवायचे आणि मग काय काम आहे ते विचारायचे.

"अण्णा, असं वाटत बसला तर विकणार काय?" पहिल्याच दिवशी केतकीनं स्वतःचा नियम मोडून विचारलं.

"विकायचं ते विकतंय की आपसूक," अण्णा म्हणाले. "पर दारात आलेला रिकाम्या हातानं जायला नको. माझ्या आईनं घालून दिलंय ते. कोण काय मागायला आलाय, ते त्येला तरी कुठं ठावं असतंय?"

मूळवाक्य तिथंच मिळालं. इतक्या लवकर ते कधी मिळत नसे, म्हणून केतकी त्या दिवशी खुशीत होती.

मगदूम जैन. दिवस मावळायच्या आत जेवायची घरची रीत. ऊन उतरू लागलं की अण्णा दुकानामागच्या खोलीत जेवायला बसायचे आणि त्या आठवड्यात केतकीलाही बसवून घ्यायचे. "दिवस मावळायच्या आत जेवलीस काय?" हा त्यांचा प्रश्न ठरलेला, ओळखीच्यालाही आणि अनोळख्यालाही. एके दिवशी त्यांनी तिच्यापुढं भिजवलेल्या काळ्या बेदाण्यांची वाटी सरकवली आणि म्हणाले, "माझी बी एक हाय तुझ्याएवढी. हुबळीला असती."

"येते का?"

"न्हाई."

पुढं त्यांचा घास काही उतरला नाही. केतकीला वाटलं, उगाच विचारलं.

काय झालं होतं ते पेठेत सगळ्यांना माहीत होतं. अण्णांच्या पत्नी सुमतीबाई हृदयाच्या दुखण्यानं अंथरुणाला खिळल्या, तेव्हा अण्णांचं म्हणणं होतं, ऑपरेशन नको, जेवढं आयुष्य आहे तेवढं घरात जाऊ दे. लेकीनं, त्रिशलानं, हट्ट धरला आणि आईला पुण्याला नेलं. सुमतीबाई परत आल्या नाहीत. घरात माणसं जमलेली असताना, सगळ्यांदेखत अण्णा लेकीला म्हणाले, "तू नेलंस. आता तूच आणून दे." त्रिशला त्याच पावली निघून गेली. तिनं पुन्हा घरात पाऊल टाकलं नाही, यांनी पुन्हा बोलावलं नाही. खाण तशी माती. दोघांचाही ताठा एकाच कापडातला होता, आणि तो ताठा वर्षानुवर्षं दोघांनाही आतून खात होता.

बेदाण्याची साइट चालू झाली आणि लोकांना आवडली. प्रसादासाठी बेदाणा बघणाऱ्याला देवघरासारखं शांत पान दिसायचं, हॉटेलवाल्याला झटपट भाव, बाळंतिणीसाठी विचारणाऱ्या सासूला काळा बेदाणा भिजवायचा कसा याची घरगुती रीत. वर नियमाप्रमाणं एक बारीक पट्टी असायची, 'हे यंत्र बोलत आहे.' ज्याला काहीच घ्यायचं नसायचं, त्यालाही यंत्र एखादी पाककृती, एखादा किस्सा, निदान आपुलकीचा एक शब्द तरी देऊन पाठवायचं. ऐकायचं असेल तर अण्णांच्या आवाजात, नको असेल तर नुसतं लिहून. मूळवाक्य चोख काम करत होतं.

दिवाळी झाल्यावर देखभालीच्या कामात इरफानला एक विचित्र पाहुणा सापडला.

"ताई, हे बघ जरा. कुणीतरी रोज संध्याकाळी येतंय. बराच वेळ बसतंय. आजवर एक दाणा घेतलेला नाही. आणि यंत्र म्हणतंय, आपल्याकडं याच्याइतकं समाधानी गिऱ्हाईक दुसरं नाही."

"तासगावचा कुणी व्यापारी असेल. भाव काढत असेल."

"भाव काढायला महिनोन् महिने कोण येतंय? यंत्रच बिघडलंय की काय, तेच कळत नाही मला."

पाहुण्याला त्या घडीला कसलं पान दिसतं आहे, ते बघायची सोय तपासणीसाठी केलेली असते. इरफान तिला आरसा म्हणायचा. साइट चालू झाल्यावर आरसा सहसा उघडत नाहीत, कारण दुसऱ्याच्या खांद्यावरून डोकावण्यासारखंच ते. पण बिघाड असेल तर शोधायला हवा होता. त्या संध्याकाळी दोघांनी तो उघडला.

समोर आलेलं पान त्या दोघांनी बांधलेल्या कुठल्याच पानासारखं नव्हतं. पाकिटं नाहीत, भाव नाहीत. पांढरी गादी, पितळेचं ताट, मागच्या खोलीच्या दारातून येणारं उतरतं ऊन. आणि खाली शब्द. आवाज पाहुण्यानं बंद ठेवला होता. तो कधीच चालू केला नव्हता, असं इरफाननं पाहून सांगितलं.

'दिवस मावळायच्या आत जेवलीस काय?' यंत्रानं विचारलं.

'जेवले अण्णा. भाकरी आणि दोडका.'

'दोडक्यात तीळ घातलंस काय, आईसारखं?'

'तीळ संपलेत.'

'मग उद्या आण.'

केतकीनं इरफानच्या मनगटावर हात ठेवला. पलीकडं कोण बसलं आहे, ते तिला कळून चुकलं होतं.  मग शब्द आले, 'अण्णा, ते परत एकदा सांगा.'

यंत्र थोडं थांबलं. अण्णा बोलायच्या आधी थांबतात तेवढंच.

'आईला तू न्हेलंस ते वाचवायला न्हेलंस. तुझा काय बी दोष न्हाई, पोरी.'

बऱ्याच वेळानं उत्तर आलं, 'येते उद्या.' आणि पान मिटलं.

केतकीचे डोळे भरून आले होते. इरफान मात्र पडद्यावरच्या जुन्या नोंदी मागं-पुढं सरकवून काहीतरी शोधत होता. शेवटी त्यानं खुर्ची मागं ढकलली.

"यंत्र बिघडलेलं नाही, ताई. पहिल्या दिवशी तिनं काळा बेदाणा उघडला होता, भिजवायचा, आजारी माणसाचा. यंत्रानं विचारलं, कुणासाठी हवाय? ती म्हणाली, आता कुणासाठीच नाही. तिथून सुरुवात झाली. आईचं, पुण्याचं, सगळं तिनंच सांगितलं. आपण याला सांगून ठेवलंय, दारात आलेला रिकाम्या हातानं जायला नको. ती बेदाणा घ्यायला आलीच नव्हती. ती जे घ्यायला आली होती, ते यानं हुडकून काढलं आणि दिलं."

"पण ते त्याच्याकडं नव्हतंच, इरफान."

"नव्हतं. पण द्यायचं तर होतं."

मग हे अण्णांना सांगायचं की नाही, यावरून वाद झाला. इतक्या वर्षांत दोघं असे कधी वादाला बसले नव्हते. पाहुण्याचं बोलणं मालकाला सांगायचं नाही, हा धंद्याचा पहिला नियम, आणि इरफान नियमाला पक्का. "दर्ग्यात कोण काय मागून जातं, ते मुजावर बाहेर सांगत फिरतो का?" तो म्हणाला. "आणि तिला फसवलंय कुणी? डोक्यावर पट्टी आहे. यंत्राशी बोलतोय हे तिला रोज दिसतं, तरी ती रोज येते."

"म्हणूनच ती हुबळीहून निघत नाही," केतकी म्हणाली. "तिला इथंच सगळं मिळतंय. आणि तिकडं अण्णा रोज दार लावताना पेठेच्या टोकाकडं बघत उभे राहतात. मी आठवडाभर पाहिलंय. आपण दोघांच्या मधे दुकान बांधून ठेवलं, इरफान."

"आणि हे मिळालं नसतं, तर आली असती ती?"

 बरेच दिवस केतकीनं हाच प्रश्न स्वतःला विचारून पाहिला. तिचे स्वतःचे वडील जाऊन बराच काळ लोटला होता, आणि त्यांच्याशी बोलायचं राहून गेलेलं बरंच काही तिच्याजवळ होतं. शेवटी तेच वरचढ ठरलं. ती अण्णांच्या दुकानी गेली, हातावर ठेवलेले बेदाणे तसेच मुठीत धरून गादीच्या कडेला बसली आणि जे पाहिलं होतं ते सगळं सांगून टाकलं.

अण्णांनी मधे एकदाही अडवलं नाही. ती गप्प झाल्यावर ते म्हणाले, "दोष न्हाई म्हणालं ते?"

"हो."

"मी असं म्हटलं न्हाई."

"नाही अण्णा. ते यंत्रानं आपल्या मनानं..."

"मी म्हटलंच न्हाई कदी," अण्णा पुन्हा म्हणाले, आणि ती तक्रार यंत्राविषयी नव्हती हे केतकीला दिसत होतं. मग त्यांनी विचारलं, "तिला बरं वाटतंय?"

"वाटतं."

"रोज येती?"

"रोज. ऊन उतरलं की येते."

अण्णांनी दाराकडं पाहिलं. "म्हंजे मी हितं दार लावत असतोय, तवा ती आत असती."

ताटातले बेदाणे त्यांनी उगाचच हातानं सारखे केले. मग म्हणाले, "मला बसता येईल काय तिथं?"

येण्यासारखं होतं. मोठं गिऱ्हाईक आलं तर यंत्राला बाजूला करून मालकानं स्वतः बोलावं, अशी सोय प्रत्येक साइटमधे असायची. मग वरची पट्टी बदलून 'मालक स्वतः बोलत आहेत' अशी व्हायची. केतकीनं तसं सांगताच अण्णांनी मान हलवली.

"ते नको. मी हाय म्हणून कळलं तर उठून जाईल ती. आदी दोन शब्द बोलू दे मला. मग माझं मीच सांगतो."

केतकीनं तिथंच नाही म्हणायला हवं होतं. असं करणं नियमात बसणारं नव्हतं, आणि तिच्या स्वतःच्या शिस्तीतही नव्हतं. पण अण्णांचा चेहरा बघून तिला नाही म्हणवेना. इरफाननं कपाळाला हात लावला आणि अखेर पट्टी होती तशीच ठेवून यंत्राला गादीवरून उठवलं. जगभर यंत्रं माणसाचं सोंग घेऊन वावरत होती. सांगलीत त्या संध्याकाळी एक माणूस यंत्राचं सोंग घेऊन बसला.

अण्णा लवकर जेवले. धुतलेला सदरा घातला, टोपी नीट केली. लेकीला यातलं काही दिसणार नव्हतं, हे त्यांना पुन्हा सांगायची केतकीला छाती झाली नाही. बोलून लिहायची सोय होती, पण त्यांनी ती नको म्हटलं. लिहिलेलं आधी डोळ्यांनी बघेन, मग पाठवीन, म्हणाले. एका बोटानं एकेक अक्षर शोधत ते लिहायचे.

ऊन मागच्या दारापर्यंत आलं आणि पडद्यावर शब्द उमटले, 'अण्णा, आले.'

त्या दोन शब्दांकडं अण्णा कितीतरी वेळ बघत राहिले. मग त्यांनी लिहिलं, 'बस.'

'आज विचारलं नाही, जेवले का ते.'

'जेवलीस?'

'हो.'

पुढं काय लिहायचं ते त्यांना सुचेना. सांगायचं पुष्कळ होतं, पण बोटाखाली येईल असं त्यातलं काही नव्हतं. शेवटी लिहिलं, 'लिंबाचं झाड वाळलं.'

'कुठलं?'

'परसातलं. आईनं लावलेलं.'

'तुम्ही पाणी घातलं नाही?'

'घातलं. तरी वाळलं.'

 मग आलं, 'अण्णा, ते सांगा ना. रोजचं.'

कुठलं, ते केतकीला ठाऊक होतं, अण्णांनाही. ती हळूच म्हणाली, "अण्णा, ते वाक्य लिहा. नाहीतर मी लिहू का?"

"ते त्येचं हाय, माझं न्हवं," अण्णा म्हणाले. "इतक्या वर्सांनी पोरीशी बोलायला बसलोय. खोटं कसं लिहू?"

त्यांनी लिहिलं, 'मी तुला दोष दिला.' आणि पाठवलं. मग पुन्हा एकेक अक्षर शोधत, 'तो अजून मनातनं जात न्हाई.' तेही पाठवलं. इथं केतकीचा हात पुढं झाला होता, पण अण्णांनी तो बाजूला सारला आणि पुढचं अक्षर शोधायला मान खाली घातली.

'असं काय बोलताय आज?' पडद्यावर आलं. अण्णांनी वर पाहिलं नाही. ते लिहीत होते.

'माझे अण्णा असं बोलत नाहीत.'

आणि पान मिटलं.

अण्णांचं बोट आणखी दोन अक्षरं शोधत होतं. त्यांना वाटत होतं, ती अजून आहे. खालच्या चौकटीत न पाठवलेले शब्द तसेच होते, 'पण तू ये ग.' केतकीनं ते वाचलं आणि तिला तिथं बसवेना.

"गेली काय?" अण्णांनी विचारलं.

"गेली."

"लिहितच हुतो की मी," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी 'मांडणी'च्या देखभालीकडं एक तक्रार आली. 'मगदूम बेदाणे यांची साइट काल संध्याकाळपासून बिघडली आहे. नेहमीसारखी बोलत नाही, भलतंच काहीतरी बोलते. मी तिथली रोजची गिऱ्हाईक आहे. कृपया लवकर दुरुस्त करावी.' खाली नाव नव्हतं. इरफाननं ती केतकीला वाचून दाखवली आणि मान खाली घालून कामाला लागला. सांगितलं होतं ना, असं तो म्हणाला नाही, आणि त्याबद्दल केतकी त्याची कायमची ऋणी राहिली.

ती तडक दुकानी गेली. अण्णांनी तक्रार शब्दावर बोट ठेवत वाचली.

"मी आत्ता तिला फोन लावते," केतकी म्हणाली. "काल बोलत होता ते तुम्ही स्वतः होता, एवढंच सांगते. शेवटचे शब्द काय लिहिले होते, तेही सांगते. दुपारपर्यंत दारात येईल ती."

"आन् आल्यावर?"

केतकीनं हातातला फोन खाली घेतला.

"बाप बोलायला बसला, आन् आपून त्येला बिघाड म्हणालो, हे घेऊन यील न्हवं ती?" अण्णा म्हणाले. "आईचं एक वझं हायच तिच्या डोक्यावर. ते मीच ठेवलंय. त्येच्यावर हे दुसरं कशाला ठेवू?"

"अण्णा, पण तुमचं काय?"

"माझं काय मोठं." त्यांनी तक्रार तिच्याकडं परत सरकवली. "ते यंत्र पयल्यासारखं करून टाक."

"मग ती कधीच येणार नाही, अण्णा."

"रोज येती की. तूच म्हणालीस." त्यांचा आवाज नेहमीइतकाच सरळ होता. "ती म्हणती ते खरं हाय. तिचं अण्णा असं बोलत न्हाईत. तिचं जे हाय ते तिला दे. दारात आलीया, रिकाम्या हातानं जायला नको."

केतकीला राग आला, अण्णांचा, त्रिशलाचा, स्वतःच्या बैठकीचा आणि त्या वाक्याचाही, आणि यातल्या कुठल्याच रागाला पुढं जायला वाट नव्हती. 'तुझा काय बी दोष न्हाई' हे यंत्र महिनोन् महिने नुसतं बोलत होतं. अण्णांना ते एकदाही लिहिता आलं नव्हतं, आणि आता आपली जागा यंत्राला देऊन, लेकीवर नवा दोष येऊ न देता, अण्णा तेच करून दाखवत होते, आणि ते पाहायला लेक तिथं नव्हती. केतकीनं इरफानला फोन केला आणि यंत्राला परत बसवायला सांगितलं. इरफान फक्त "बरं ताई" म्हणाला.

दिवसभर ती दुकानातच राहिली. कामं पडली होती, पण जावंसं वाटेना. ऊन उतरलं, अण्णा मागं जाऊन जेवून आले आणि दाराशी उभे राहिले. आज त्यांनी पेठेच्या टोकाकडं पाहिलं नाही.

"आली असंल काय आता?"

केतकीनं आरसा उघडला. आता तिनं सगळेच नियम मोडले होते, त्यात आणखी एक. पांढरी गादी होती, ताट होतं, ऊन होतं.

"आलीय, अण्णा."

"वाच."

ती वाचू लागली. "यंत्र विचारतंय, दिवस मावळायच्या आत जेवलीस काय. ती म्हणते, जेवले. तीळ आणले आज." केतकीनं पुढची ओळ येऊ दिली. "म्हणते, काल काय झालं होतं तुम्हाला?"

"मग?"

"यंत्र म्हणतंय, काल जरा बरं वाटत न्हवतं, पोरी. आज बरं हाय."

अण्णांनी मान डोलावली. यंत्रानं योग्य तेच सांगितलं, असं त्यांना वाटलं असावं.

"ती काय म्हणती?"

पडद्यावर शब्द उमटायला वेळ लागला. त्रिशला काहीतरी लिहून खोडत होती, पुन्हा लिहीत होती.

"म्हणते, तब्येतीला जपा, अण्णा."

दुकानात आणखी कुणी नव्हतं. पडदा केतकीच्या हातात होता आणि त्यातून पलीकडं काहीही ऐकू जाणार नव्हतं, हे अण्णांना चांगलं माहीत होतं.

"जपतो," ते म्हणाले, आणि दार लावायला गेले.